डग्गा खाणारा रेडिओ

"वरती कोण वाजवतंय रे? हात बरा आहे."

अण्णा हे म्हणाले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. मी त्यांच्या खोलीतला दिवा मालवायला गेलो होतो. कानातलं यंत्र डबीत, कवळी वाटीत, आणि अण्णा भिंतीला हाताचा तळवा टेकवून कुशीवर पडलेले. कोथरूडमधली आमची इमारत जुनी आहे, वर कुणी खुर्ची सरकवली तरी खाली कळतं. चार रात्री झाल्या, छतातून एक धूं-धूं-धूं उतरत होतं. शब्द नाहीत, चाल नाही, नुसता खालचा घुमारा. लोखंडी कपाटाची कडी त्याच्याबरोबर किणकिणायची. बायकोचं रोज सुरू होतं, "अहो, एकदा जाऊन सांगा ना. अण्णांची झोपमोड होते." आणि इथे अण्णा दाद देत होते. "तीनदा ठोकतो, थांबतो, आणि मग बोलतो," डोळे मिटूनच ते म्हणाले. "घाई नाही त्याला. हल्ली अशी माणसं कमी." त्यांना 86 वर्षं झाली. यंत्र काढलं की दारावरची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी येत नाही, नातीचं बोलणं तर यंत्र असूनही अर्धंच पोचतं. आणि हे मात्र मोजून, मात्रेसकट.

मी वर गेलो ते तक्रार करायलाच. जिना चढताना वाक्यं जुळवत होतो: हे बघ, घरात म्हातारं माणूस आहे वगैरे. दार उघडणारा मुलगा पंचविशीतला, भाड्याने राहणारा. खोलीत एक गादी, एक सतरंजी आणि भिंतीशी माझ्या कमरेएवढे दोन स्पीकर. मधे तबकडी फिरत होती. "सॉरी काका, फार मोठा होता का? बंदच करतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "हे काय वाजतंय?" त्याने तबकडीचं वेष्टन पुढे केलं. शीक नावाचा वाद्यवृंद, गाण्याचं नाव गुड टाइम्स, साल 1979. "डिस्को आहे काका," हे त्याने जरा ओशाळून सांगितलं. शाकाहारी पाहुण्याला रश्श्यात काय पडलंय ते सांगावं तसं. मग मी म्हणालो, "पहिल्यापासून लाव."

वरचं अंग मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. किसणीवर खोबरं किसावं तशी एक गिटार, कोरडी, अखंड, पण प्रत्येक घासणी मात्रेत. अंतराअंतराने व्हायोलिन्सची एक झुळूक. तान नाही, हरकत नाही, बायका सगळ्या एका सुरात, जवळजवळ निर्विकारपणे गाणाऱ्या. आणि खाली तो, आमच्या छतातला. तीन ठोके, एक श्वास, मग जिना चढल्यासारखे चारपाच सूर, आणि पुन्हा तीन ठोके. चार रात्री ज्याचे नुसते पाय दिसत होते त्याचं तोंड आज दिसलं, असं झालं. आठ मिनिटांचं गाणं मी दारात चपला घालूनच उभ्याने ऐकलं. खाली आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणालो, "सांगितलं." अण्णा अजून जागे होते. त्यांना मी काहीच बोललो नाही.

खोटं बोललो ते बायकोशी. पण मला खुपत राहिलं ते अण्णांना न सांगितलेलं.

मिरजेला आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर होतं. शाळेतून येताना दुकानांच्या छताला टांगलेले भोपळे दिसायचे, लाखेचा आणि पॉलिशचा वास यायचा, आणि कुणीतरी तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवत जवारी लावत बसलेला असायचा. अण्णा बरोबर असले की आमचा पाय तिथून निघायचा नाही. जोडीच्या तारा छेडून झाल्या, खर्जाची तार छेडली आणि ती मनासारखी बोलली, की मगच ते पुढे चालायचे. खर्ज कानाने नाही, पायाखाली कळतो, असं त्यांचं मत. ते एसटीत कारकून होते. तबला शिकलेले, भजनी मंडळात आणि हौशी नाटकांत वाजवणारे. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीतसभा लागली की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. आमचा ट्रान्झिस्टर पानाच्या डब्याएवढा. त्याच्यातून मोठमोठ्या तबलजींची चाटी, म्हणजे तबल्याच्या काठावरचा बारीक ठोका, लख्ख ऐकू यायची, टणटणीत, टाचणी पडावी तशी. आणि खालचा डग्गा जवळजवळ नाहीच. अण्णा वैतागायचे. "रेडिओ डग्गा खातो," हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन! मग रेडिओने खाल्लेला डग्गा ते स्वतः मांडीवर वाजवायचे. घिस्स्यासकट. लहानपणी मला वाटायचं, तबलावादन म्हणजे अर्धं दिल्लीहून येतं आणि उरलेलं अर्धं अण्णांच्या लेंग्यातून.

1980 साली कुर्बानी आला आणि त्याच सुट्टीत माझा आतेभाऊ गिरगावातून टू-इन-वन घेऊन मिरजेला आला. त्यातलं 'आप जैसा कोई' सगळ्या गावात वाजत होतं. गाणारी मुलगी लंडनला राहणारी, अवघी 15 वर्षांची. संगीत देणारा बिड्डू मूळचा बंगलोरचा, लंडनला जाऊन नाव काढलेला. हे सगळं आतेभाऊच सांगायचा, जणू तोच तिकडून आलाय. त्याच्याकडची कॅसेट म्हणजे भरलेल्यावरून पुन्हा भरून घेतलेली. अण्णांनी गाणं पुरतं ऐकलं. कुठलंही गाणं अर्ध्यात तोडायचे नाहीत, एवढी सभ्यता त्यांच्यात होती. संपल्यावर म्हणाले, "ह्यात प्रत्येक मात्रेवर सम आहे. ज्याला रोजच दिवाळी, त्याला दिवाळी कसली?" आतेभाऊ हसला. मी मात्र ते वाक्य जपून ठेवलं, आणि पुढे कॉलेजात माझं म्हणून वापरलं. घरात 'डिस्को' हा शब्द त्यानंतर विशेषण झाला. फार चकाकणारा शालू, रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळलेला गणपती, टाळ्यांसाठी गाणारा गवई, सगळं डिस्को. मीही चाळीसेक वर्षं तो शब्द तसाच वापरला, आणि एखादं डिस्को गाणं नीट ऐकायची कधी गरज वाटली नाही.

अण्णांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कानावर जेवढं पडलं तेवढ्याचाच त्यांनी निकाल दिला. बशीएवढ्या कागदी स्पीकरला खालचे सूर हलवता येत नाहीत, तेवढी हवाच त्याच्याने ढकलली जात नाही. त्यात भरलेल्यावरून भरलेली कॅसेट. पोचली ती झांजेची टिकटिक, टाळी आणि वरचा कोवळा आवाज. म्हणजे डिस्कोची नुसती चाटी. आणि 'रेडिओ डग्गा खातो' म्हणून ज्याने जन्मभर तक्रार केली, त्याला इथे मात्र शंका आली नाही की ह्याचाही डग्गा कुणी खाल्ला असेल.

शंका मलाही आली नाही.

भिंतीचं गणित बरोबर उलटं असतं. वरचे, बारीक सूर सिमेंटला धडकून तिथेच संपतात, खालचे लांब लाटांचे सूर स्लॅबमधून आरपार उतरतात. म्हणून मिरजेच्या टेपने मला जे दिलं नव्हतं, नेमकं तेच कोथरूडच्या छताने दिलं. वयाचंही तसंच. आतल्या कानात बारीक सूर टिपणाऱ्या पेशी सगळ्यांत आधी झिजतात, खालचे सूर टिपणाऱ्या पुष्कळ टिकतात. अण्णांच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता, डावीकडून निघालेली रेघ उजवीकडे घाटासारखी उतरत गेलेली. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आता कळतं, रेडिओ डग्गा खातो आणि वय चाटी खातं. अण्णांच्या वाट्याला आता डग्गाच उरलाय.

मग मी रविवारी वर जायला लागलो. बायकोला सांगायचो, सोसायटीचं काम आहे. मुलगा चहा वाईट करतो, पण सांगतो छान. त्याच्याकडून कळलं की तिकडेही हा झगडा झालेला आहे. तबकडीवर खालचा सूर कोरायचा तर रेघेला हेलकावा मोठा लागतो. 7 इंची तबकडीवर गाणं लांबवलं की रेघा एकमेकींच्या अंगावर येतात, म्हणून मग खर्ज कापायचा, आवाज दाबायचा. नाचघरांसाठी गाणी लांबवून देणारा न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन सत्तरच्या दशकाच्या मध्याला एक गाणं कोरून घ्यायला गेला तेव्हा 7 इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. म्हणून ते 10 इंचीवर घेतलं, रेघा ऐसपैस पसरल्या, आणि आवाज असा काही निघाला की पुढे थेट 12 इंचीवरच एकेक गाणं निघायला लागलं. नाचघरांत तीच तबकडी रूढ झाली. आमच्या घरी रेडिओला नावं ठेवण्यात शनिवार गेले. त्या लोकांनी तबकडीच मोठी केली.

फंक, म्हणजे डिस्कोच्या आधीचं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं नाचाचं संगीत, त्याने मला डिस्कोच्या नंतर ऐकवलं, खरं तर क्रम उलटा हवा. जेम्स ब्राउनचं 1967 सालचं कोल्ड स्वेट लावलं आणि मी पहिल्या मिनिटाला सरळ बसलो. सगळी वाद्यं, गिटारसुद्धा, ताशासारखी तुटक वापरलेली, आणि दर आवर्तनाला सगळे मिळून एका जागी येऊन पडतात. ती जागा म्हणजे पहिली मात्रा. ते लोक तिला नुसतं 'द वन' म्हणतात. बूट्सी कॉलिन्स 1970 मध्ये वयाच्या 18 व्या वर्षी ह्या माणसाकडे बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायला लागला तेव्हा खूप सूर भरायचा. त्याला शिकवण मिळाली ती अशी, की पहिली मात्रा दे, मग मधे काय हवं ते कर. मला हसूच आलं. अण्णा गल्लीतल्या पोरांना हेच सांगायचे, "मधे काय वाट्टेल ते दंगे करा, समेला घरी या." जेम्स ब्राउनच्याच ताफ्यातला ढोलवाला क्लाइड स्टबलफील्ड, त्याने 1969 साली वाजवलेला काही सेकंदांचा एक तुकडा पुढे असंख्य रॅप गाण्यांत कापून चिकटवला गेला आणि त्याच्या हातात त्याचं मानधन पडलं नाही. नाटकानंतर नारळ आणि टाळ्या घेऊन घरी येणारे अण्णा मला आठवले. पण ते असो.

फंकला सम आहे हे अण्णांनीही पहिल्या ऐकण्यात कबूल केलं असतं. डिस्कोचं काय? चारही मात्रांवर पायाचा ढोल पडतो, हा आक्षेप खोटा नाही. फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगने 1973 च्या सुमाराला हा ठेका बसवला, खाली सरळ चार ठोके आणि वर पायाने उघडझाप होणारी झांज. ह्या ठेक्यावर मी बरेच दिवस अडलो होतो. एकदा जेवताना अचानक सुटलं. तो ढोल म्हणजे लेहरा आहे! तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला तेच चार सूर तासभर फिरवत बसतो, त्याला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही, कारण त्याचं कामच न हलण्याचं आहे. तो हलत नाही म्हणून तबलजी हलू शकतो. डिस्कोत ढोल जागचा हलत नाही, म्हणून बास मोकळा. सम ढोलात शोधायचीच नाही, ती खाली बासमध्ये आहे. शीकचा बासवाला बर्नार्ड एडवर्ड्स, त्याची गुड टाइम्समधली तीन ठोक्यांची ओळ ऐका, कुठे पडायचं आणि कुठे गप्प बसायचं हे ज्याला कळतं त्याचाच तो हात आहे. अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तासभर वाद घातला असता आणि शेवटी बहुधा मान्य केलं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी तो शब्द उच्चारायला हवा.

एडवर्ड्स आणि गिटारवाला नाइल रॉजर्स, दोघांची एक गोष्ट मला फार आवडते. 31 डिसेंबर 1977 च्या रात्री त्यांना मॅनहॅटनच्या स्टुडिओ 54 मध्ये बोलावणं होतं. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. दोघं जवळच रॉजर्सच्या घरी गेले आणि रागाने, दरवानाला शिवी देत, वाजवत बसले. शिवी बदलून, सभ्य करून ते गाणं पुढच्या वर्षी आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. दुसरी गोष्ट मात्र आवडण्यासारखी नाही. 12 जुलै 1979, शिकागोचं कोमिस्की पार्क, बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने. डिस्कोची एक तबकडी आणा आणि 98 सेंटमध्ये आत या, अशी एका रेडिओवाल्याची कल्पना. मधल्या वेळात पेटीभर तबकड्या मैदानात सुरुंग लावून उडवल्या, हजारो लोक खाली उतरले, दुसरा सामना झालाच नाही. आणलेल्या तबकड्यांत कितीतरी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या, असं तिथे दारावर काम करणाऱ्या एका काळ्या पोराने पुढे सांगितलं. गुड टाइम्स त्या उन्हाळ्यात बाजारात होतं. ऑगस्टमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि मग डिस्कोची दारं भराभर मिटत गेली.

हे ऐकताना मी जरा चुळबुळलो. आमच्या घरचा तिटकारा त्या जातीचा नव्हता, असं म्हणायला मला आवडेल. अण्णांनी कुणाची तबकडी फोडली नाही. पण तमाशाच्या थिएटरवरून जाताना ते पावलं भरभर उचलायचे, आणि वरातीतल्या बँजो पार्टीच्या पोरांना 'ती मंडळी' म्हणायचे, हेही मला आठवतं. नाचायला लावणारं संगीत आमच्याकडे दिवाणखान्यात बसत नसे. पाय हलले की काहीतरी हलकं झालं. मात्र त्याच थिएटरवरून भरभर जाताना माझा हात त्यांच्या हातात असायचा, आणि त्यांची बोटं माझ्या मनगटावर आतल्या ढोलकीबरोबर चालायची. त्यांना ते कळत होतं का? मी कधी विचारलं नाही.

सगळं डिस्को आवडतं असं नाही. व्हायोलिन्सचा पाक फार झाला की मी उठून चहाचे कप विसळतो. आपल्याकडच्या चरणजित सिंगांची 1982 सालची तबकडी मुलाने कौतुकाने लावली होती. मुंबईत हिंदी सिनेमांसाठी वाजवणारा हा माणूस, त्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांतून काढले. बासवाल्याची जागा घ्यायला म्हणून बनवलेली रोलँड कंपनीची एक चपटी चंदेरी डबी त्यात वापरली. ती डबी तेव्हा फारशी कुणी घेईना, तीनेक वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. आणि ह्या तबकडीकडेही इथे कुणी पाहिलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चक्रावले, कारण शिकागोतून पुढे निघालेलं नाचाचं संगीत ह्याने आधीच करून ठेवलेलं. चक्रावलो मीही. पण त्यातला ललित मला अजून ललित वाटत नाही. मालकंसाला मात्र ती डबी शोभते. खालून डुकरासारखी हुंकारते आणि मालकंसाला ते चालतं.

बायकोला मी फार दिवस फसवू शकलो नाही. एकदा पोळ्यांच्या डब्यावर माझी तीन बोटं पडली, थांबली, आणि मग पुढचे सूर वाजले. तिने वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सोसायटीचं काम होय?" एवढंच म्हणाली. पुढच्या रविवारी मुलासाठी डब्यात शंकरपाळे दिले, आणि वर निरोप, की साडेदहानंतर नको म्हणावं. अण्णांच्या झोपेसाठी म्हणून वेळ ठरवली ती अण्णांनाच नडली. आता ते साडेनऊलाच अंथरुणावर जातात, यंत्र डबीत ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात.

दिवाळीत वरचा मुलगा चार दिवस गावी गेला. पहिल्याच रात्री मी दिवा मालवायला गेलो तेव्हा अण्णांचा हात भिंतीवरच होता.

"आज नाही वाजवत?"

"गावाला गेलाय," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"आणि वाद्य?"

"वाद्य इथेच आहे."

"मग कठीण आहे," अण्णा म्हणाले. "रियाज मोडणार त्याचा."